पैठणीची गोष्ट कुणाच्या बाजूने?

पैठणीवरचे लेखन वाचताना एक ठरावीक क्रम भेटतो : सातवाहनांचे वैभव, पेशव्यांची हौस, निजामाच्या घराण्यातली मागणी. चार ओळींत दोन हजार वर्षे संपतात. या क्रमात पैठणी नेसणारे, नेसवणारे सगळे आहेत. विणणारा मात्र नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या या वस्त्राविषयी मी अनेक वर्षे मिळेल ते वाचत आलो आहे. माझा आक्षेप या क्रमालाच आहे.

प्राचीनतेचा पुरावा म्हणून ‘पेरिप्लस’चे नाव हमखास घेतले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या या ग्रीक व्यापारी वृत्तान्तात पैठण आहे, हे खरे. पण भडोच बंदरात गाड्यांतून येणाऱ्या मालात पैठणच्या नावावर अकीकासारखा दगड आहे. जाडेभरडे कापड आणि मलमल आहे ती तगरच्या, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या नावावर. एवढ्यावरून पैठणला तेव्हा माग नव्हते असे ठरत नाही. मात्र हा पुरावा पैठणीचा नव्हे, एवढे नक्की ठरते.

विणकरांचा थेट उल्लेख हवा असेल तर नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळावे. तिथल्या १० क्रमांकाच्या लेण्यातील लेखानुसार क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील कोलिकांच्या, म्हणजे विणकरांच्या, दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेवली. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० होते. त्यातून २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे द्यायची. राजघराण्यातला माणूस धर्मादायाचा पैसा विणकरांच्या हवाली करतो. इथे विणकर कुणाचा आश्रित नाही; बाजारात त्याची पत आहे. त्या श्रेणींचा वारसा आजच्या एखाद्या ज्ञातीच्या नावावर चढवता येणार नाही. पण विणकर समाजात कुठे उभा होता, हे त्या लेखातून स्पष्ट दिसते.

आता ज्ञातींच्या स्वतःच्या कथा पाहू. स्वकुळ साळी समाज भगवान जिव्हेश्वरांना शिवाच्या जिभेतून प्रकटलेले मानतो. देवांग कोष्टी देवल ऋषी आणि चौंडेश्वरीची कथा सांगतात, तर पद्मशाली मार्कंडेय आणि भावना ऋषींची. अभ्यासक त्यांना दंतकथा म्हणून बाजूला सारतात. त्या इतिहास म्हणून वाचू नयेत, हे मलाही मान्य आहे. पण ‘पेरिप्लस’च्या नावावर खपवली जाणारी गोष्ट तरी इतिहास कुठे आहे? शिवाय या कथांत मूळपुरुष राजाची हौस पुरवत नाही. तो देवांना वस्त्र देतो. देणारा विणकर आहे, घेणारे देव. आपल्या कामाचा मान गिऱ्हाइकाच्या मोठेपणावर अवलंबून नाही, हा समाजाने स्वतःविषयी केलेला दावा आहे. त्यांतली उणीव मात्र नोंदवली पाहिजे. मूळपुरुषाच्या नावाने उभ्या असलेल्या या कथांत ताणा करणारे, कांड्या भरणारे घरातले हात, त्यातही बायकांचे, मागेच राहतात.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ‘राजवस्त्र’ म्हटले की किंमत गिऱ्हाइकाच्या ऐटीची ठरते आणि मजुरीचा प्रश्न विचारातच येत नाही. पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. पण यंत्रमागाची नक्कल शेजारच्याच दुकानात टांगलेली असते. हातमागाच्या पैठणीचा काठ आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा वेगळ्या कांडीने, हाताने, शेजारच्या रंगात अडकवत विणलेला असतो. या संथ कामाचे दिवस मोजल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही.

म्हणून पैठणीवर लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. असावली, बांगडी-मोर, मुनिया ही नक्ष्यांची नावे जरूर द्यावीत. त्यांच्याच शेजारी हा पदर किती दिवसांत विणला, घरातले किती हात लागले आणि त्यांना काय मिळाले, हेही लिहावे. परंपरेच्या इतिहासात एवढा हिशेब असलाच पाहिजे.