स्प्रिंगफील्ड, अपू आणि एक व्हिडिओ कॅसेट

गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत पावसाने असा काही मुक्काम ठोकला की योसेमिटीचा बेत रद्द झाला आणि घरात ‘आता काय करायचं?’ हा सनातन प्रश्न उभा राहिला. आमच्या बारा वर्षांच्या कन्येने डिस्ने प्लसवर ‘द सिम्पसन्स मूव्ही’ शोधून काढला. मी म्हटलं, “अगं, हा आम्ही २००७ साली थिएटरात जाऊन पाहिलाय.” त्यावर “म्हणजे खूपच ओल्ड आहे” असा शेरा मिळाला. पण पाहिला. आणि दुसऱ्यांदा पाहताना मला तो पहिल्यापेक्षा बराच वेगळा वाटला, म्हणून हा लेख. आमच्या संपादकांना दरवर्षी माझ्याकडून निवृत्ती-नियोजनावर काहीतरी हवं असतं. यंदा त्यांनी एका पिवळ्या माणसावर समाधान मानावं.

ज्यांच्या घरी ही मालिका कधी लागली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी, खादाड होमर, त्याची सोशिक बायको मार्ज, दहा वर्षांचा वांड बार्ट, आठ वर्षांची अतिहुशार लिसा आणि तोंडात चोखणी धरलेली मॅगी. १९८७ साली हे लोक ‘ट्रेसी उलमन शो’मध्ये छोट्या छोट्या तुकड्यांतून आले आणि १७ डिसेंबर १९८९ पासून फॉक्सवर त्यांची स्वतःची मालिका सुरू झाली. साडेसातशेहून जास्त भाग झाले, आणि बार्ट अजून चौथीतच आहे! आपला चिंटूही १९९१ साली ‘सकाळ’मध्ये आला आणि कायम तेवढाच राहिला, त्याच्यावरही २०१२ साली चित्रपट निघाला. अशा पात्रांचा एक अलिखित नियम असतो. बावीस मिनिटांत घर जळो, नोकरी जावो, गाव बुडो, पुढच्या आठवड्यात सगळं जागच्या जागी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दर रविवारी सिस्टिम रीस्टार्ट होते. (शेजारच्या फ्लँडर्सची बायको मॉड २००० साली मेली ती मात्र परत आली नाही. पण असे अपवाद थोडे.)

आणि नेमकी हीच चित्रपटाची खरी अडचण. टीव्हीवर फुकट मिळणारी गोष्ट तिकीट काढून का पाहायची? हा प्रश्न चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच स्वतःला विचारतो. थिएटरात बसलेला होमर उठून ओरडतो की जे घरी फुकट दिसतं त्यासाठी पैसे मोजणारे आपण सगळे बावळट आहोत, आणि मग बोट थेट आपल्याकडे रोखतो. २००७ साली सगळं थिएटर हसलं होतं. मीही हसलो होतो. पण विनोदाने प्रश्न मिटत नाही. मोठ्या पडद्यावर यायचं तर काहीतरी असं घडायला हवं की जे पुढच्या रविवारी पुसून टाकता येणार नाही.

मालिकेचे चारशे भाग मे २००७ मध्ये पूर्ण झाले आणि २७ जुलैला चित्रपट आला. दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन, संगीत हान्स झिमर, आणि पटकथेवर तब्बल ११ जणांची नावं. एका कोडवर अकरा जणांचे हात लागले तर काय होतं ते मला चांगलंच ठाऊक आहे, पण इथे पहिली चाळीस मिनिटं तरी ते जाणवत नाही. तळ्यातल्या तराफ्यावर ‘ग्रीन डे’ बँड गातो, प्रदूषणाने तराफा विरघळून बँडसकट बुडतो. होमर एक डुक्कर पाळतो, त्याच्या विष्ठेने भरलेली टाकी, फुकट डोनट मिळणार म्हणून घाईघाईत, तळ्यात फेकतो. सरकार अख्ख्या गावावर काचेचा घुमट ठेवतं. घुमट खाली येताना दिसतो तेव्हा चर्चमधले लोक धावत गुत्त्यात शिरतात आणि गुत्त्यातले धावत चर्चमध्ये. दोन-चार सेकंदांचं दृश्य, संवाद नाही, पण माणसाच्या श्रद्धेबद्दल एवढं नेमकं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. मालिका तेव्हा टीव्हीच्या जुन्या चौकोनी चौकटीत दिसायची (एचडी २००९ साली आलं), त्यामुळे मशाली घेऊन घरावर चालून येणारा शेकडो ओळखीच्या चेहऱ्यांचा जमाव त्या रुंद पडद्यावर खरोखरच भरून आल्यासारखा वाटला होता.

अलास्काला पोचल्यावर मात्र गाडी रेंगाळते. होमरला साक्षात्कार होण्याचा प्रसंग लांबलेला आहे आणि खलनायक रस कार्गिल, अल्बर्ट ब्रुक्सचा आवाज असूनही, शेवटी नुसता ओरडतो. बार्टची गोष्ट जास्त खटकली. बापाचं लक्ष सगळं डुकराकडे, आणि शेजारचा फ्लँडर्स त्याला मायेने कोको करून देतो. आपला बाप दुसरा कुणी असता तर, हे त्या पोराच्या डोळ्यांत स्पष्ट दिसतं. एवढं मांडल्यावर एका मोटरसायकलच्या फेरीत ते मिटवणं म्हणजे पुन्हा रविवारचा रीस्टार्ट.

पालकांसाठी सूचना: चित्रपट पीजी-१३ आहे, आणि बार्ट स्केटबोर्डवरून ज्या अवस्थेत गावभर फिरतो ते पाहताना आजी-आजोबा सोफ्यावर असतील तर त्यांना चहा करायला पाठवावं.

आता अपूबद्दल. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जुलै २००७ मध्ये अमेरिकेतल्या ११ सेव्हन-इलेव्हन दुकानांचं रूप बदलून त्याच्या दुकानासारखी ‘क्विक-ई-मार्ट’ केली होती. एक आमच्या माउंटन व्ह्यूमध्ये होतं. मी आणि बायको तिथे जाऊन गुलाबी डोनट आणि ‘बझ कोला’ घेऊन आलो. रांगेत निम्मे तरी आपले देशी इंजिनिअर होते, हसत हसत फोटो काढत होते. आम्हीही काढला. त्याच वर्षी माझ्या प्रोजेक्टवरचा एकजण दर मीटिंग संपताना मला अपूच्या हेलात ‘पुन्हा या’ म्हणायचा. मी हसायचो. नवीन नोकरी, एच-वन व्हिसा, हसण्यावाचून दुसरं काय करणार?

गंमत अशी की १९९६ सालच्या एका भागात मालिकेनेच अपूची खरी कहाणी सांगितली होती. तो विद्यार्थी व्हिसावर आला, कॉम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टरेट केली, कर्ज फेडायला दुकानात लागला आणि व्हिसा संपला तरी परत गेला नाही. म्हणजे आमच्याच बॅचचा! त्या भागात गाव बाहेरून आलेल्यांच्या विरोधात पेटतं, आणि अपू काउंटरमागे उभा राहून आपण इथले आहोत का, हे स्वतःला विचारतो. चित्रपटात तर अख्खं गाव बंदिस्त, सरकार त्याला नकाशावरून पुसायला निघालेलं. इथला कोण, बाहेरचा कोण, हा प्रश्न मांडायला याहून चांगली संधी कुठली? पण अपू गर्दीतला एक चेहरा म्हणून येतो आणि जातो. जाहिरातीला त्याचं दुकान चाललं, गोष्टीला तो चालला नाही. हे मला २००७ मध्ये सुचलंच नव्हतं. २०१७ साली हरी कोंडाबोलूचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट आला, २०२० मध्ये हँक अझारियाने अपूला आवाज देणं थांबवलं, तेव्हा आमच्या मंडळाच्या पॉटलकमध्ये चांगलीच जुंपली होती. निम्म्या लोकांचं म्हणणं, विनोद आहे, सोडा. मी तेव्हा त्या निम्म्यांत होतो. परवा लेकीने विचारलं, “बाबा, हा माणूस असा का बोलतो? आपल्याकडे तर कुणीच असं बोलत नाही.” मी म्हटलं, आवाज एका अमेरिकन नटाचा आहे. ती म्हणाली, “मग तुम्हाला राग नाही आला?” मी रिमोट शोधत असल्याचं दाखवलं.

पण चित्रपट जिथे जिंकतो ती जागा वेगळी आहे. गाव उद्ध्वस्त होणार हे कळूनही होमर मदतीला यायला नकार देतो. तो परततो तेव्हा घर रिकामं, आणि टीव्हीवर मार्जने ठेवलेली कॅसेट. ती शांतपणे सांगते की आजवर तुझ्या प्रत्येक वागण्याकडे काणाडोळा केला, आता जमत नाही. आणि आपण हे खरंच बोलतोय याचा पुरावा म्हणून तिने ते आपल्याच लग्नाच्या कॅसेटवर रेकॉर्ड केलंय. तिचं बोलणं संपतं आणि खाली उरलेला लग्नातल्या नाचाचा तुकडा दिसतो. ज्युली कॅव्हनरने या प्रसंगाचं ध्वनिमुद्रण शंभराहून अधिक वेळा केल्याचं सांगितलं जातं, आणि ते ऐकू येतं: आवाजातला नेहमीचा विनोदी घोगरेपणा थकून गेलाय. अठरा वर्षं दर आठवड्याला माफ करणारी बाई पहिल्यांदा थांबते. पुढे दोघं एकत्र येतात, घरही पुन्हा उभं राहतं, पण ती कॅसेट पुसली गेली ती गेलीच.

२००७ मध्ये आमच्या लग्नाला वर्ष झालं होतं. बायको एच-फोरवर, नोकरीची परवानगी नाही, गाडीचं लायसन्स नाही. मी सोमवारी पहाटे विमानाने फिनिक्सला क्लायंटकडे, परत गुरुवारी रात्री. त्या प्रसंगाला ती हसायची थांबली हे मला अंधारातही कळलं होतं. परतताना गाडीत म्हणाली, “बरं झालं, आपली व्हीसीडी आहे. तिच्यावर रेकॉर्ड होत नाही.” मी तोही विनोदच समजलो होतो. यावेळी तिघं सोफ्यावर होतो. प्रसंग सुरू झाला तशी ती उठून स्वयंपाकघरात गेली, आणि मी मागोमाग गेलो. लेक ओरडली, “अरे, पॉज करू का?”

गुण द्यायचेच तर दहापैकी साडेसात. त्यातले तीन त्या कॅसेटचे. शेवटी श्रेयनामावलीत मॅगी ‘सीक्वेल’ असा एक शब्द उच्चारते. दुसरा चित्रपट २०२७ मध्ये येणार असं २०२५ साली जाहीर झालंय. कन्येने तिकिटांचं आत्ताच बजावून ठेवलंय. तिला अपू दिसेल का, हे पाहायचंय.