गुळगुळीत पानांवरील मुरूम

गेल्या दिवाळीत पुण्यास नोकरीस असलेला आमचा एक भाचा यवतमाळास आला होता. परत जाताना तो नियतकालिकांचा एक गठ्ठा आमच्या ओसरीवर विसरून गेला. विसरला की मुद्दाम ठेवून गेला, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. सारे अंक इंग्रजी, परदेशी आणि सायकल या एकाच विषयाला वाहिलेले. सायकलविषयक पत्रकारिता तशी नवी नव्हे. इंग्लंडातील 'सायकलिंग वीकली' १८९१ साली सुरू झाले. परंतु आमच्या पुढ्यातील अंक निराळ्या जातीचे होते. एवढा जाड व तुळतुळीत कागद आपल्या त्रैमासिकाच्या मुखपृष्ठासही कधी लाभलेला नाही. चाळून बाजूस ठेवावेत या हेतूने आम्ही ते हाती घेतले आणि तीन रात्री वाचीत बसलो. ज्या लेखनाने वाचकाच्या तीन रात्री घेतल्या त्याची दखल समीक्षेने घ्यावयास हवी. ते विकाऊ आहे एवढे म्हणून तिला मोकळे होता येत नाही.

या अंकांतून जिचा मुख्यतः गौरव केलेला आहे ती 'ग्रॅव्हल बाईक'. ग्रॅव्हल म्हणजे खडी; आमच्या वऱ्हाडी बोलीत गिट्टी. शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले हँडल, पण टायर रुंद, ब्रेक डिस्कचे, सांगाडा बहुधा कार्बन तंतूंचा आणि वजन अवघे आठ-नऊ किलो. डांबर संपले तरी जिला उतरून हाती धरावी लागत नाही अशी ही सायकल. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया नावाच्या लहानशा गावातून २००६ साली दोनशे मैलांची एक शर्यत खडीच्या रस्त्यांवर सुरू झाली. आज ती 'अनबाऊंड ग्रॅव्हल' या नावाने ओळखली जाते, आणि या सायकलीच्या लौकिकात तिचा वाटा मोठा आहे. २०२२ मध्ये इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

पहिल्याच अंकाच्या मध्यभागी दोन पानांवर पसरलेले एक छायाचित्र होते. कोवळे ऊन, दोहो बाजूंस वाळलेले गवत, मधून वळत गेलेला तांबूस मुरमाचा रस्ता, दूरवर सागासारख्या झाडांची ओळ. क्षणभर आम्हांस वाटले, ही घाटंजी तालुक्यातलीच एखादी पांदण आहे. आमच्या मनात जे काही चालले ते तेथून सुरू झाले.

कारण पांदणीविषयी मराठीत अर्ज लिहिले गेले आहेत, निवेदने लिहिली गेली आहेत. शासनाने २०२१ मध्ये 'मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना' आणली, तिच्यावरही बरेच लिहून झाले. परंतु पांदणीकडे टक लावून पाहणारे गद्य आमच्या वाचनात फारसे नाही. आपल्या लेखी पांदण ही एक तक्रार आहे. या परक्या अंकांतील लेखक मात्र खडीचे प्रकार सांगतो: बारीक, दाबून बसलेली, गोलसर, पायाखालून निसटणारी, टोकदार, टायर कापणारी. चाकाखाली प्रत्येकीचा आवाज कसा वेगळा येतो तेही तो सांगतो. वारा समोरून आला की रस्ता किती लांबतो, दोन तासांनंतर मन कसे निमूट होते, याची वर्णने काही ठिकाणी खरोखर उत्तम आहेत. हे गुण आम्ही प्रथम नोंदवतो, कारण पुढे जे म्हणावयाचे आहे त्यामुळे ते झाकले जाऊ नयेत.

खटकले ते असे. त्या छायाचित्रातील रस्त्यावर कोणीही नव्हते. पुढचे पान उलटले, तेथेही नव्हते. तीन रात्रींत आम्ही पन्नासांहून अधिक रस्ते पाहिले असतील. बैलगाडी नाही, गुरे नाहीत, डोक्यावर गाठोडे घेतलेली बाई नाही, शाळेचे पोर नाही. एकच सायकलस्वार आणि आकाश. कार्तिकात आमच्याकडील कोणतीही पांदण पहाटे पाहावी: कापूस वेचावयास निघालेल्या बायकांचे घोळके, त्यांच्या हातांतील भाकरीचे डबे, मागून येणारी बंडी. रस्ता रिकामा असतो तो भर दुपारी, तोही कोणी हौसेने रिकामा केलेला नसतो. या नियतकालिकांची सौंदर्यदृष्टी रस्ता आधी निर्मनुष्य करते आणि मग त्यावर एका माणसाला स्वातंत्र्य बहाल करते. त्या रस्त्याच्या काठी राहणारा वाचक ते चित्र पाहत असताना आपल्यालाच चित्राबाहेर काढलेले आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आमच्याही ध्यानात दुसऱ्या रात्री आले.

लेखनाची घडणही याच हेतूने झालेली. प्रवासवर्णन सुरेख चाललेले असते. शेवटी एक चौकट येते. तीत सायकलीचे नाव, चाकांचे नाव, पिशव्यांची, बुटांची, चष्म्याची किंमत. वर्णनाने मनात जी ओढ जागी केली ती रस्त्याची होती, मोकळ्या वेळाची होती, एकांताची होती. चौकट तिला वस्तूंची यादी देते. वर्णन जितके चांगले, तितकी ती चौकट अधिक काम करते. म्हणून या अंकांतील लबाडी शोधावयाची तर ती वाईट लेखांत सापडत नाही.

जाहिरात आणि वाङ्मय यांचा संबंध आपणांस अपरिचित नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेथून त्या घराण्याचा उद्योग वाढला. सायकल तेव्हा श्रीमंताघरचीच वस्तू होती, म्हणून केवळ महाग सायकल पाहून हळहळण्याचे कारण नाही. पुढे लोखंडी नांगर आले, आणि १९२० मध्ये कारखान्याचा माल व वार्ता लोकांपर्यंत नेण्यासाठी 'किर्लोस्कर खबर' निघाले. शं. वा. किर्लोस्करांच्या हाती त्या पत्रकाचे एक मासिक झाले, आणि कित्येक मराठी घरांत नवे विचार त्याच वाटेने शिरले. तेही मूळचे जाहिरातपत्रच. पण नांगर विकत घेतल्यावर ज्या शेतकऱ्याचे काम संपत नाही, सुरू होते, अशा वाचकासाठी ते निघालेले होते. आमच्या पुढ्यातील नियतकालिकांचा वाचक सायकल विकत घेतो तेव्हा त्याचा प्रवास खरे तर झालेला असतो. लगेच पुढल्या अंकात ती सायकल जुनी ठरते.

आणि जुनी सायकल या अंकांत कोठेच नाही. चिखल आहे, पण तो चौकटीवर बेताने उडालेला, रंग झाकू न देणारा. येथे आम्हांस उत्तर इटलीतील कोमो सरोवरावरच्या गिसाल्लोच्या लहानशा चॅपेलची आठवण झाली. तेथील पवित्र मरियेस पोप बारावे पायस यांनी १९४९ मध्ये सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. आत भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत: बार्ताली, कोप्पी यांच्यासारख्या विजेत्यांच्या, आणि एक वाकलेली, मोडलेली सायकल फाबिओ कासार्तेल्लीची. १९९५ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये पिरेनीज पर्वताच्या उतारावर पडून तो मरण पावला. ती सायकल कोणी दुरुस्त केली नाही, रंगवलीही नाही. तिच्याकडे पाहणाऱ्यास ती विकत घ्यावीशी वाटणार नाही, आणि तरी तेथवर माणसे घाट चढून, घामाघूम होऊन जातात. सायकलीवर प्रेम करण्याची ही दुसरी रीत याच युरोपात आहे. त्या अंकांतून तिचा मागमूस लागत नाही.

चिखलाचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर. आमची काळी माती ज्यांनी पावसाळ्यात तुडवलेली नाही त्यांना हे पटणार नाही, पण पहिल्या चांगल्या सरीनंतर पांदणीतून सायकल शंभर पावलेही जात नाही. माती टायरला धरते, मडगार्डखाली ठासून बसते, आणि चाक फिरेनासे होते. मग काडी घेऊन कोरत बसावे, किंवा सायकल खांद्यावर घ्यावी. दारव्हा, नेर, बाभुळगाव, कोणत्याही तालुक्यात हे दृश्य नवे नाही. २०२३ च्या जूनमध्ये त्या कॅन्ससच्या शर्यतीत नेमके हेच घडले. पावसाने मातीचा लगदा झाला, आणि लाखो रुपयांच्या सायकली खांद्यावर टाकून जगातील नामांकित स्वार कित्येक पावले चिखल तुडवीत गेले. रंग ढवळावयाच्या लाकडी पट्ट्यांनी चाके खरवडीत होते. पुष्कळांचे गिअर तेथेच मोडले. हे वृत्त वाचताना आम्हांस प्रथमच त्या अंकांतील माणसांविषयी आपलेपणा वाटला. न्यायाने सांगितले पाहिजे की सांगाडा व टायर यांत बोटभर मोकळी जागा ठेवणे, ही ग्रॅव्हल बाईकची खरी सुधारणा आहे आणि आमच्या काळ्या मातीस ती मानवेल.

रुंद टायरचा शोध मात्र आम्हांस हसू आणतो. चाळीस मिलिमीटर रुंदीचा टायर खडबडीत रस्त्यावर अधिक सुखाचा व वेगाचाही, हे या अंकांनी मोठ्या उत्साहाने पानेच्या पाने सांगितले आहे. आमच्या दूधवाल्यांच्या काळ्या सायकलीचा 'अठ्ठावीस-दीड' टायर रुंदीला चाळीस मिलिमीटरच असतो. ती सायकल वीसेक किलोंची. दांड्यांचे ब्रेक, भक्कम कॅरिअर, दुधाचे कॅन अडकवूनही चालणारी. १९५१ पासून अशा सायकली बनविणाऱ्या अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.

किमतीविषयी लिहावे की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. वरच्या प्रतीची ग्रॅव्हल बाईक आपल्याकडे चार-पाच लाखांच्या घरात सहज जाते. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये; म्हणजे चार लाखांस सुमारे पन्नास क्विंटल कापूस. अशी त्रैराशिके मांडणे सोपे असते आणि त्यातून समीक्षा होत नाही. यवतमाळचे नाव निघाले की बाहेरच्या वाचकाच्या मनात जो एकच विषय येतो, तो आम्ही येथे आणणार नाही. त्या दुःखाचा उपयोग कोणाच्या हौसेला लाजविण्यासाठी करू नये. भाच्याने आपल्या कमाईतून हवी ती सायकल घ्यावी. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत तो जातो तेव्हा घरी येऊन शांत झोपतो, असे त्याची आई सांगते, आणि ते आम्हांस खरे वाटते.

परंतु एक आकडा सोडवत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. यवतमाळ जिल्ह्यातील तालुके त्यात आहेत. तिचे अनुदान साडेतीन हजार रुपये होते. २०२२ मध्ये ते पाच हजार झाले. मारेगाव, झरी-जामणीकडील या मुली रोज मुरमाच्या रस्त्यावर जातात-येतात. ग्रॅव्हलवर सायकल चालविणे यालाच म्हणत असतील तर त्यांच्याइतका सराव कोणाचा? वाऱ्याविषयी, खडीच्या आवाजाविषयी, सुटलेल्या साखळीविषयी, संध्याकाळी एकटीने परतताना वाटणाऱ्या भीतीविषयी आणि उतारावर पाय सोडून दिल्यावर वाटणाऱ्या आनंदाविषयीही त्यांच्यापाशी सांगण्यासारखे असेलच. ते कोणी विचारलेले नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही तर तीस वर्षे या जिल्ह्यात शिकवीत होतो.

गठ्ठा परत पाठविण्यापूर्वी त्यातला एक अंक आम्ही आमच्या सायकलमिस्त्रीस दाखविला. हात पुसून त्याने तो घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"सायकल झकास हाय, सर," तो म्हणाला. "पण याले इस्टँड कुठी हाय? कॅरिअर कुठी हाय? डबल सीट बसवाचं काम पडलं त मानूस कुठी बसवाचा?"

पिशव्या निराळ्या विकत मिळतात, असे आम्ही सांगितले. तो हसला नाही. त्याने पान डोळ्यांजवळ नेले, टायरच्या नक्षीवर बोट ठेवले आणि विचारले, "हा टायर तेवढा सुटा भेटते काय? आपल्या पोरीच्या सायकलीचे टायर गिट्टीनं महिन्यात फाटून राह्यले."

तिची सायकल मोठ्या मापाची, त्याच्या वडिलांची. दांडा कापून त्याने तिच्याजोगी करून दिलेली. आम्ही चष्मा लावून चौकटीतील बारीक अक्षरे वाचली. त्या टायरच्या आतील कड्याचा व्यास ६२२ मिलिमीटर. मिस्त्रीने चौकटीत टांगलेली रिंग काढून टेपने मोजली. अठ्ठावीस-दीडची, ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक. तो टायर तिच्या चाकावर बसणार नव्हता.