टॉम स्विफ्ट कादंबरीमाला

टॉम स्विफ्ट कादंबरीमाला : अमेरिकेतील किशोर वाचकांसाठी लिहिलेल्या विज्ञान-साहसकथांची एक विख्यात माला. मूळ मालेत १९१० ते १९४१ या काळात ४० पुस्तके निघाली. त्यांचा ‘व्हिक्टर ॲपल्टन’ हा लेखक प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. एडवर्ड स्ट्रेटमायर (१८६२–१९३०) यांच्या लेखनसंस्थेचे ते सामायिक टोपणनाव होते. कथानकाचा आराखडा संस्थेत ठरे. त्यावरून मोबदल्यावर लिहिणारे लेखक, मुख्यतः हॉवर्ड गॅरिस (१८७३–१९६२), कादंबरी पूर्ण करीत आणि ठराविक रकमेच्या बदल्यात सर्व हक्क संस्थेला देत. हार्डी बॉइज व नॅन्सी ड्रू या माला याच संस्थेच्या होत.

न्यूयॉर्क राज्यातील शॉपटन या काल्पनिक गावी राहणारा टॉम हा संशोधक बार्टन स्विफ्ट यांचा मुलगा. टॉम स्विफ्ट अँड हिज मोटर सायकल (१९१०) या पहिल्या कादंबरीत तो मोडलेली मोटरसायकल विकत घेऊन दुरुस्त करतो आणि वडिलांच्या यंत्राचा नमुना चोरणाऱ्या टोळीचा पाठलाग करतो. नवे यंत्र, त्यावर डोळा ठेवणारे दुर्जन, चोरी, पाठलाग आणि यंत्राच्याच साहाय्याने सुटका हा साचा पुढेही क्वचितच मोडला गेला. संशोधनाकडे येथे ज्ञानापेक्षा मालमत्ता म्हणून अधिक पाहिले जाते. एकट्या संशोधकाच्या हक्काचा असा जयजयकार करणाऱ्या या कथांवर त्यांच्या खऱ्या लेखकांना मात्र कोणताच हक्क नव्हता.

वाङ्मयीन दृष्ट्या ही पुस्तके सामान्यच आहेत. पात्रे एकरंगी, भाषा ठोकळेबाज आणि योगायोग वारेमाप आहेत. अमेरिकन बालवीर संघटनेचे ग्रंथपाल फ्रँकलिन मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये अशा स्वस्त मालांवर कडाडून हल्ला चढविला. त्यांनी मुलांची कल्पनाशक्ती बिघडते, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खरा मानता येत नाही. आरंभीच्या कादंबऱ्यांत टॉम हाताने काम करतो. सुटे भाग जुळवितो, चुकतो, पुन्हा प्रयत्न करतो. यंत्र म्हणजे जादू नव्हे, ते उघडून पाहता येते, हा विश्वास वाचक मुलाला त्यातून मिळत असे.

भविष्यवेधाचे श्रेय मात्र या मालेला जरा सढळ हाताने दिले जाते. विजेच्या मोटारी १९१० पूर्वीच रस्त्यांवर धावत होत्या आणि टॉमच्या मोटारीतील विद्युत्‌घट एडिसनच्या निकेल-लोह घटाशी मिळताजुळता आहे. फोटो टेलिफोनची कादंबरी १९१४ ची. तारेने छायाचित्रे पाठविण्याचे प्रयोग जर्मनीत त्याआधीच यशस्वी झाले होते. चालू शोध ताबडतोब कथेत आणणे, हेच लेखकांचे खरे कौशल्य होय. उलट दिशेचे एक उदाहरण मात्र नोंदण्याजोगे आहे. जॅक कव्हर यांनी १९७० नंतरच्या दशकात तयार केलेल्या ‘टेसर’ या विद्युत्‌शस्त्राचे नाव टॉम स्विफ्ट अँड हिज इलेक्ट्रिक रायफल (१९११) या कादंबरीच्या नावातील आद्याक्षरांवरून घडविलेले आहे.

याच कादंबरीत मालेचा सर्वांत मोठा दोषही उघड होतो. टॉमची विद्युत्‌बंदूक आफ्रिकेत हत्तींवर चालते, तशीच तेथील माणसांवरही. त्या माणसांना कथेत स्वतंत्र चेहरा नाही. टॉमच्या घरचा कृष्णवर्णी नोकर इरॅडिकेट सॅम्पसन हा तर निव्वळ हास्याचा विषय केलेला आहे. त्या काळाची रीत म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण यंत्र जाणणारा तो माणूस आणि न जाणणारा तो अडाणी, ही विभागणी या कथांच्या रचनेतच मुरलेली आहे.

टॉमच्या मुलाला नायक करणारी दुसरी माला (१९५४–७१, ३३ पुस्तके) अवकाशयुग व शीतयुद्ध यांच्या छायेत लिहिली गेली. वंशद्वेषी व्यंगचित्रे तीत ओसरली आणि ब्रंगेरिया हे कल्पित शत्रुराष्ट्र आले. घरच्या कर्मशाळेच्या जागी प्रचंड उद्योगसमूह उभा राहिला. ‘टोमॅसाइट’, ‘रिपेलाट्रॉन’ अशी भारदस्त नावे आली. पण नाव दिले की स्पष्टीकरण संपले, अशी तऱ्हा झाली. तरीही ॲपल संगणकाचे एक जनक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी बालपणीच्या आपल्या प्रेरणास्थानांत याच मालेचा उल्लेख केला आहे. १९८१ नंतर निघालेल्या माला तुलनेने अल्पजीवी ठरल्या.