सारा बर्नहार्टबाईंचा मूक वारसा

नटाची कला त्याच्या देहाबरोबर लयास जाते, हे रसिकांनी खेदाने का होईना, पण मान्य केले आहे. सारा बर्नहार्ट (१८४४–१९२३) या फ्रेंच नटीने मात्र हा नियम मोडू पाहिला. त्यांचे काही चित्रपट आजही पाहावयास मिळतात. आणि ते पाहून ‘हीच का ती जगद्विख्यात नटी?’ असा प्रश्न मनात उभा राहतो. तो उपहासाने उडवून देण्याजोगा नाही.

१८६२ साली कोमेदी-फ्रांसेजच्या रंगमंचावर बाई प्रथम आल्या, तेव्हा त्यांची कोणी विशेष दखल घेतली नाही. पुढे ओदेऑनमध्ये, १८६९ साली, कोप्पेच्या एकांकिकेतील तरुण गायकाच्या भूमिकेने त्यांना कीर्ती दिली. रासिनची ‘फेद्र’ (१८७४) आणि ह्यूगोच्या ‘एर्नानी’तील दोन्या सोल (१८७७) या भूमिकांनी ती कळसास नेली. १८८० साली संस्था सोडून त्या स्वतंत्रपणे अमेरिकेस गेल्या. १८९९ साली त्यांनी हॅम्लेट रंगविला. १९१५ साली एक पाय कापावा लागला, तरी रंगभूमी सोडली नाही.

आता १९१२ चा ‘राणी एलिझाबेथ’ हा मूकपट पाहा. कॅमेरा नाट्यगृहातील प्रेक्षकासारखा दूर बसलेला; बाई हात उंच फेकतात, छाती पिटतात, अखेर उशांच्या राशीवर कोसळतात. हे अतिरंजित वाटते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु हे हातवारे एकटे येण्यासाठी घडलेच नव्हते. बारा अक्षरावयवांच्या फ्रेंच पद्यचरणाची ती साथ होती; ओळ चढे तेथे हात चढे. ख्यालगायकास काचेआडून पाहिले तर त्याचेही हातवारे हास्यास्पदच दिसतील. बाईंच्या ‘सुवर्णवाणी’च्या काही ध्वनिमुद्रिका उरल्या आहेत, पण त्यांत देह नाही. ही दोन अर्धी शकले जोडून मूळ मूर्ती उभी राहत नाही.

तथापि सारा दोष यंत्राच्या माथी मारणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. डेन्मार्कची आस्ता नील्सेन हीही रंगभूमीवरूनच आलेली. तिने १९१० सालीच ‘आफ्ग्रुन्डेन’मध्ये संयत मुद्राभिनयाने मूकपटास त्याची स्वतःची भाषा दिली, आणि १९२१ साली पडद्यावर हॅम्लेटही साकारला. बाईंनी ती भाषा शिकण्याची आस्था दाखविली नाही. त्यांना नवी कला नको होती. जुन्या कलेची नोंद हवी होती. म्हणूनच एलिझाबेथ मरण पावल्यावरही त्या पुन्हा उठून प्रेक्षकांस लवून अभिवादन करतात.

तेव्हा या चित्रपटांवरून बाईंच्या अभिनयाचा निवाडा करू नये, असे आमचे मत आहे. त्यांवरून निवाडा होतो तो त्यांच्या जिद्दीचा. १९२३ साली मृत्यूने गाठले, तेव्हाही त्यांच्या राहत्या घरी एका चित्रपटाचे काम चालूच होते.