असईच्या रणांत नदी आणि माती

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असई येथें झालेल्या संग्रामाच्या इंग्रजी वर्णनांत केळणा नदीच्या उताराची गोष्ट इतकी रंगविलेली आढळते कीं, त्या रंगाखालीं स्थलाचा विचार झांकून गेला आहे. उतार नाहीं असें वाटाड्यांनीं सांगितलें. पण पिंपळगांव व वरूड हीं गांवें दोन तीरांवर समोरासमोर पाहून लोकांची ये-जा असलीच पाहिजे, असें वेलस्लीनें ताडलें. ही गोष्ट त्यानेंच पुढें अनेक वर्षांनीं सांगितली. ती खोटी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु विजयाचा सारा भार तिच्यावर घालणें आम्हांस मान्य नाहीं. (इंग्रजी कागदांत केळणेचें 'कैटना' झालें आहे, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावें.)

शिंदे-भोसल्यांचें सैन्य भोकरदनपासून असईपर्यंत केळणेच्या उत्तर तीरावर पसरलें होतें. नदीची उभी दरड हाच त्यांचा तट. दरडीवर विसंबून उतारावर मोर्चा बांधला नाहीं, ही चूक खरी, आणि ती लहान नव्हे. पण शत्रु पूर्वेकडून नदी उतरतांच पोलमननें कवायती पायदळाची सारी फळी फिरविली: उजवी बगल केळणेवर, डावी जुई नदीकांठच्या असईवर. इतकी चपळाई वेलस्लीच्या हिशेबांत नव्हती. मात्र आतां दरड समोर राहिली नाहीं. उलट दोन नद्यांमधील चिंचोळ्या जागेंत शत्रूच्याच बगला झांकल्या गेल्या.

उरली ती असईची माती. मातीच्या गांवकुसाआड पायदळ व तोफा होत्या. ऑरॉकच्या हाताखालील तुकडी वाट चुकून तिकडे सरकली, तिच्यामागें ७४ वी गोरी पलटण गेली, आणि तोफांच्या माऱ्यांत तिची जवळजवळ राख झाली. त्या दिवशीं इंग्रजांकडील ४२८ ठार व ११३८ जखमी झाले. या हानीचा मोठा वांटा या गांवापुढें पडला. गांवच्या साध्या मातीनें जें केलें, तें उतारावरील चार तोफांच्या मोर्चानें केलें नसतें काय? आमच्या मतें वर्णनकारांनीं वाटाड्यांपेक्षां या प्रश्नाकडे अधिक लक्ष द्यावयास हवें होतें.

मराठी फौज मोडली तो क्रमही थोडक्यांत उरकला जातो. फळी ओलांडून शत्रु पुढें गेल्यावर मेल्याचें सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले व त्यांनीं त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. त्या परत घेण्यास वेलस्लीला स्वतः मागें वळावें लागलें.