‘हे वाच’ म्हणण्याची जबाबदारी

अभिरुची ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे आपल्याकडे मोठ्या सभ्यपणे सांगितले जाते. कोणाला नाट्यगीत आवडते, कोणाला भीमगीत; कोणी कादंबरी वाचतो, कोणी पोथी; त्यात वाद कशाला घालायचा? हे म्हणणे वरवर उदार दिसते. पण ते ज्या घरातून येते त्या घरात पुस्तकांचे कपाट आधीपासून उभे असते. आजोबाने बापाला आणि बापाने मुलाला ‘हे वाच’ म्हणून काहीतरी हाती दिलेले असते. अशा घरातल्या मुलाला आपली आवड आपलीच आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि बाबासाहेबांची तसबीर असलेले कॅलेंडर. बाप सालदार, आई निंदणा-सोंगणीला जाणारी. दोघांनीही मला ‘शिक’ म्हटले; ‘हे वाच’ म्हणणे त्यांच्या हाती नव्हते. आमच्यासारख्यांची अभिरुची खाजगी नसते. ती कोणीतरी, कोठून तरी, कशासाठी तरी आमच्या हाती दिलेली असते. म्हणूनच शिफारस ही सामाजिक कृती आहे आणि करणाऱ्याने तिचा हिशेब दिला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी मराठी शिकवितो. समोर बसणाऱ्यांत पुष्कळ मुले-मुली आपापल्या घरातील पहिली पदवीधर होणार आहेत. ती विचारतात, ‘सर, काय वाचू? कोणता पिक्चर पाहू?’ काय ऐकावे हे मात्र विचारीत नाहीत. ते मोबाईलने आधीच ठरविलेले असते. हा प्रश्न साधा नाही. १८८५ साली महादेव गोविंद रानडे यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण पाठविले, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ते नाकारले. सर्व माणसांचे हक्क जे उघडपणे मान्य करीत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आमच्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. कोणते पुस्तक कोणासाठी, हा प्रश्न तेव्हापासून आपल्यापुढे आहे.

आज आपल्यापर्यंत तीन प्रकारच्या शिफारशी येतात. पहिली प्रस्थापितांची. ते ‘दलित साहित्य वाचा’ असे एका दमात सांगतात. कोणते, कोणाचे, कशासाठी, हे सांगत नाहीत. त्यांची शिफारस दुःखाची असते, लेखनाची नसते. दुसरी बाजाराची. तिला कारण लागतच नाही. काल जे पाहिले तसेच आणखी एक आज पुढे येते. तिसरी आपली स्वतःची : ‘आपल्या माणसाचे आहे, वाचा.’ मला सर्वांत जास्त काळजी या तिसरीची वाटते, कारण तिच्यावर रागावता येत नाही.

या शिफारशीला एक काळ होता आणि तो न्याय्य होता. बाबुराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ साली आले, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली. भाषा शिवराळ आहे, हे साहित्यच नव्हे, असे म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. अशा वेळी लेखकाच्या बाजूने उभे राहणे हेच समीक्षेचे पहिले काम होते, आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने ते केले. परंतु त्याला आता अर्धे शतक होत आले. आज त्याच न्यायाने आपण कोणत्याही कवितासंग्रहाला प्रस्तावना देतो, प्रकाशन समारंभात त्याला विद्रोही ठरवितो, आणि घरी आल्यावर तो पुन्हा उघडीत नाही. यात फसगत होते ती वाचणाऱ्या पोराची. दोन-तीन पोकळ पुस्तके हाती पडली की त्याला वाटते, आपले साहित्य म्हणजे एवढेच. मग तो वाचणेच सोडतो.

मग शिफारस करावी कशी? याचे उत्तम उदाहरण बाबासाहेबांनीच घालून दिले आहे, आणि त्याचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे चोखामेळ्याचे जन्मगाव मानले जाते. ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणाच्या १९३७च्या आवृत्तीत गांधीजींना उत्तर देताना बाबासाहेबांनी संतांविषयी स्पष्ट लिहिले : संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला चढविला नाही, त्यांची समता देवापुढची होती, माणसामाणसांतली नव्हती. आणि याच बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. मला यात समीक्षेचा धडा दिसतो. आदर करायचा आणि मतभेद झाकायचा नाही. शिफारस म्हणजे शरणागती नव्हे.

म्हणून ‘चोखोबा रडका होता, त्याला टाकून द्या’ म्हणणाऱ्या मित्रांशी मी सहमत नाही, आणि मेहुणा राजाला जाऊन केवळ हात जोडणाऱ्यांशीही नाही. विद्यार्थ्यांना मी सांगतो, चोखा एकटा वाचू नका, त्याचे अख्खे घर वाचा. बाप आपल्या हीनत्वाला पूर्वजन्मीच्या दोषाचा हवाला देतो. मुलगा कर्ममेळा हीन जात का दिलीस म्हणून देवालाच जाब विचारतो. आणि सोयराबाई विचारते की, विटाळावाचून कोणता देह निपजला? एकाच घरात शरणागतीपासून प्रश्नापर्यंतचा प्रवास आहे. पाठ्यपुस्तकातला एखादा अभंग वाचून तो कळत नाही.

आता पुस्तके. आत्मकथनांत पहिले कोणते वाचावे असे विचारले तर पुष्कळजण ‘बलुतं’ सांगतात. ते मोठेच पुस्तक आहे. तरीही मी पहिल्या वर्षाच्या मुलींच्या हाती आधी फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ देतो. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. किराणा दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले. त्यात ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ मोठे आहे. गावाने महारवाड्यावर केलेला अन्याय त्यात आहे, तसाच महारवाड्याच्या आत सुनेवर झालेला अन्यायही आहे. आणि शिकून वर गेलेल्या, मागे वळून न पाहणाऱ्या माणसांना बाईंनी सुनावलेले आहे. म्हणजे ते माझ्यासारख्या पगारदारालाही सुनावते. जे पुस्तक आपल्याला सोडीत नाही, ते आधी वाचावे. त्याला उणे नाही असे मात्र नाही. समूहाचे चित्र काढताना एकेक माणूस पुसट होतो. दगडूसारखा आतून फाटलेला माणूस पाहायचा तर ‘बलुतं’कडेच जावे लागते. म्हणून दोन्ही, पण या क्रमाने.

दुसरे पुस्तक आपल्याच जिल्ह्यातील सदानंद देशमुखांचे ‘बारोमास’. त्याला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोरडवाहू शेती, कर्ज, शिकून बेकार राहिलेली पोरे, घरातली कुरतड, आणि हे सारे वऱ्हाडी बोलीत. ज्याला हा मुलूख समजून घ्यायचा आहे त्याने ही कादंबरी वाचलीच पाहिजे. परंतु वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा : हा दुष्काळ कोणाच्या ओसरीवरून दिसतो आहे? कादंबरीच्या मध्यभागी जमीन असलेले कुटुंब आहे. ज्याच्याजवळ गमवायलाही जमीन नाही, त्या मजुराचा दुष्काळ वेगळा आहे. हा देशमुखांवर आरोप नाही. लेखक आपल्या ओसरीवरून प्रामाणिकपणे लिहितो तेव्हाच खरे लिहितो. पण दुसऱ्या ओसरीवरची कादंबरी कोणी लिहायची, हा प्रश्न आपल्या वर्गातल्या मुलांना पडला पाहिजे. तो पडला तर शिफारस सार्थकी लागली.

चित्रपटांविषयी मुले जास्त बोलतात आणि तेथेच जास्त फसतात. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २०१६ साली आला. त्यातले ‘झिंगाट’ अजून लग्नाच्या वरातीत वाजते. मला या चित्रपटाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही की, महाराष्ट्राला इतके नाचविणारा हा चित्रपट संपतो तेव्हा पडद्यावर आवाजच नसतो. एक लहान मूल रक्ताची पावले उमटवीत चालत जाते आणि सारे निःशब्द असते. आपण गाणे घरी आणले आणि ती शांतता टॉकीजमध्येच सोडून आलो. ज्या वरातीत ते गाणे वाजते, त्याच वरातीतले किती लोक आपल्या मुलीने जातीबाहेर लग्न केले तर गप्प बसतील? ‘सैराट पाहा’ एवढेच म्हणणारा अर्धीच शिफारस करतो. ‘शेवट पाहा आणि त्यावर घरी बोला’ असे म्हणणारा पुरी करतो.

मंजुळे यांचाच ‘फँड्री’ (२०१३) मी याहून वर ठेवतो. डुक्कर पकडण्याच्या ऐन क्षणी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते आणि सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पुढे मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर आपल्या महापुरुषांची चित्रे रंगविलेली आहेत. दिग्दर्शक तेथे एक शब्दही बोलत नाही. आपण चित्रे रंगविली, पुतळे उभारले, पण त्या भिंतीखालून कोण काय वाहून नेत आहे, हे पाहिले का? हा प्रश्न केवळ सवर्णांना नाही, आपल्यालाही आहे. जब्याचे घर कैकाड्याचे आहे, हे आपल्या चळवळीने विसरू नये.

तिसरा, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). विद्यार्थी कंटाळतात, हे मी आधीच सांगून टाकतो. तो संथ आहे, कारण न्यायालय संथ आहे. गटारात मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. मॅनहोल उघडल्यावर झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे तो समजायचा, हे ती अगदी साध्या आवाजात सांगते. सुरक्षा साधनांवरचे एखादे भाषण जे करू शकत नाही, ते हे झुरळ करते. त्यातल्या लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. २०२१ साली ते करोनाने गेले. अभिनय करणारा आणि जगणारा माणूस एकच असला म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी तरी हा चित्रपट पाहावा.

आता गाणे. मेहकरचे ना. घ. देशपांडे हे उत्तम कवी. त्यांच्या ‘खूणगाठी’ला १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशी यांनी गायिली, तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि मेहकरच्या रानातली शीळ मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) मोठेपणी लिहा-वाचायला शिकले, आणि त्यांची गाणी सभेच्या मांडवातून, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, वस्तीवस्तीत गेली. कोणा समीक्षकाने ती ‘ऐका’ म्हणून सांगितले नव्हते. गाणे कानावर पडले, अर्थ पटला, म्हणून ते पुढच्याला सांगितले गेले. कारणासह शिफारस म्हणतात ती हीच. आपल्या अडाणी म्हटल्या गेलेल्या आयाबायांना ती येत होती.

आज १४ एप्रिलला डी.जे.समोर उभे राहिले तर छाती हादरते, शब्द मात्र कळत नाही. मी हे लिहितो म्हणून काही मित्र रागावतील. ज्या वर्तमानपत्रांना गणपतीच्या मिरवणुकीत संस्कृती ऐकू येते आणि आपल्या मिरवणुकीत मात्र गोंगाट, त्यांच्या बाजूचा मी नाही. ज्या रस्त्याने आपल्या आज्याला मान खाली घालून जावे लागले, त्याच रस्त्यावर नातवाने मोठ्याने वाजवीत जाणे यालाही अर्थ आहे, हे मी जाणतो. पण वामनदादांच्या गाण्यात बाबासाहेबांचे नाव होते त्याबरोबर विचारही होता; आता पुष्कळ गाण्यांत नावच तेवढे उरले आहे. ज्याचे शब्द ऐकू येत नाहीत ते गाणे आंबेडकरी कसे म्हणावे? दुसरीकडे, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांत बायांनी भीमरायावर रचलेल्या ओव्याही आहेत. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने त्या आता सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. मोबाईल हातात आहेच, तर त्या ऐकाव्यात. आणि घरी आजी असेल तर तिला बसवून तिचीही ओवी त्याच मोबाईलमध्ये भरून घ्यावी. येथे मुलगा शिक्षकाला ‘हे ऐका’ म्हणू शकतो. शिफारस वरून खालीच यावी असा नियम नाही.

आणखी एक व्यवहाराची बाब. पुस्तक हाती पडत नसेल तर शिफारस ही नुसती बडबड ठरते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ साली काढला. पुढे खंडांची छपाई अशी रखडली की, २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून दखल घ्यावी लागली. म्हणून प्राध्यापकाने ग्रंथालयाच्या खरेदीच्या यादीवर सही करताना ती वाचावी, आणि पुस्तक कपाटात कुलूपबंद न राहता फिरते आहे की नाही ते पाहावे. जयंतीच्या वर्गणीतून दहा पुस्तके वस्तीत आली तर डी.जे. एक तास कमी वाजला म्हणून बिघडत नाही.

माझी मागणी मोठी नाही. यापुढे आपल्यापैकी कोणी ‘हे वाच’, ‘हे पाहा’, ‘हे ऐक’ म्हणेल तेव्हा त्याने दोन गोष्टी जोडीने सांगाव्यात : ते का, आणि त्यात उणे काय. पहिली न सांगणारा बाजाराची भाषा बोलतो. दुसरी न सांगणारा भक्ताची. आपल्याला दोन्ही नकोत. वर मी जी मते दिली आहेत तीही याच अटीवर घ्यावीत. ‘जिणं आमुचं’ आधी का, ‘फँड्री’ वर का, यावर ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी ते कारणांसह या पानांवर मांडावे. विद्यार्थ्यांनी तर जरूर मांडावे.