पाणथळ-व्यवस्थापनाचे व्यावसायिक शिक्षण : एक चिकित्सा

१

इराणमध्ये कॅस्पियन समुद्राच्या काठी वसलेल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ प्रदेशांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या चौथ्या अनुच्छेदात एक लहानसे पोटकलम आहे. पाणथळांचे संशोधन, व्यवस्थापन आणि राखण या तिन्ही कामांत जाणती अशी माणसे करारबद्ध राष्ट्रांनी तयार करावीत, असा त्याचा आशय आहे. भारत या करारात १९८२ मध्ये सामील झाला. तेव्हापासून स्थळांच्या याद्या झाल्या, सीमा आखल्या गेल्या, नियम झाले; मात्र या पोटकलमाकडे एक प्रशासकीय तरतूद म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः कराराच्या यशापयशाचे मर्म येथेच आहे. एखाद्या तळ्यात अमुक पंधरवड्यात पाणी किती ठेवावयाचे, हे यादीवरून ठरत नाही. ते दरवाजाची किल्ली ज्याच्या हाती असते तो ठरवितो. आणि तो काय शिकून आला आहे, यावर त्या पाण्याचे व त्यावर जगणाऱ्यांचे भवितव्य अवलंबून राहते.

या दृष्टीने प्रचलित शिक्षणाची तपासणी केली असता एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पाणथळाच्या ठिकाणी एकाच पाण्याचे अनेक हिशेब मांडलेले असतात. अभियंत्याचा हिशेब वेगळा, वनाधिकाऱ्याचा वेगळा, शेतकऱ्याचा वेगळा आणि कोळ्याचा वेगळा. आपले शिक्षण प्रत्येकाला त्याचा हिशेब उत्तम रीतीने शिकविते. परंतु हे हिशेब जेथे एकमेकांना भिडतात त्या जागेचे शिक्षण कोणालाच देत नाही. पाणथळ मात्र नेमके त्याच जागी असते.

२

या दुभंगाची खूण खुद्द शब्दातच सापडते. महाराष्ट्रातील पाटबंधाऱ्यांच्या व्यवहारात ‘पाणथळ’ हे एका दोषाचे नाव आहे. कालव्याच्या पाझराने व अतिसिंचनाने ज्या जमिनीचा निचरा बिघडला, भूजल पिकाच्या मुळांपर्यंत चढले आणि पृष्ठावर क्षार फुलून आले, ती जमीन पाणथळ. चोपण, खारवट आणि पाणथळ हे तीन शब्द एका दमात उच्चारले जातात आणि तिन्हींवर उपाय एकच, चर खणून निचरा करणे. दख्खनच्या कालव्यांवर ऊस वाढला तसा हा रोगही वाढला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लॉड इंग्लिस व त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या अभ्यासात गुंतले होते. आज खडकवासल्यास केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा उगमही १९१६ साली मुंबई इलाख्याने सिंचनपद्धतीच्या सुधारणेसाठी उघडलेल्या एका विशेष शाखेत आहे. तात्पर्य, मराठी मुलखातील जलशास्त्राच्या एका फार मोठ्या परंपरेचा आरंभ पाणथळ नाहीसे कसे करावे या चिंतेशी निगडित आहे. ती चिंता खोटी नव्हती. ज्याचे शेत चोपण झाले त्या कुणब्याच्या दृष्टीने ती आजही खोटी नाही.

रामसर कराराने हाच शब्द एका ठेव्याचे नाव म्हणून पुढे आणला. त्याची व्याख्या अत्यंत व्यापक आहे. दलदल असो वा खुले पाणी, नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमचे असो वा हंगामी, वाहते असो वा साचलेले, गोडे असो वा खारे, एवढेच नव्हे तर ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असणारे सागरजलही तीत येते. शब्द एक, पण एका शाळेत त्याचा अर्थ व्याधी आणि दुसऱ्या शाळेत संपत्ती. असे दोन पदवीधर एकाच बंधाऱ्यावर नेमले गेले, तर त्यांच्यातील मतभेद हा स्वभावाचा दोष मानता येणार नाही; तो त्यांच्या अभ्यासक्रमांचा परिपाक होय.

३

व्यवसायात असलेल्या माणसांना पुन्हा विद्यार्थी करण्याची कल्पना जलक्षेत्रात नवी नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १९५७ साली विकसनशील देशांतील अभियंत्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. त्यातून उभी राहिलेली संस्था आज ‘आयएचई डेल्फ्ट’ या नावाने ओळखली जाते. समुद्राला मागे हटवून जमीन करणाऱ्या राष्ट्राने जगाला जे शिकविले, त्यात साहजिकच बांध, पंप व निचरा यांना अग्रस्थान होते. पण त्याच राष्ट्रात एक बोधप्रद घटना घडली. दक्षिण फ्लेव्होलँडचा पोल्डर १९६८ मध्ये कोरडा झाला. त्यातील सखल भाग कारखान्यांसाठी राखून ठेवला होता. तो काही काळ पडून राहिला, त्यात पाणी व वेत साचले, पक्षी आले आणि ‘ओस्टफार्डर्सप्लासन’ या नावाने तो १९८९ मध्ये रामसर स्थळ ठरला. निचऱ्याच्या शास्त्राने जे अपुरे सोडले ते निसर्गशास्त्राने मौल्यवान मानले. पुढे त्या संस्थेच्या अभ्यासविषयांत परिसराला स्थान मिळाले, हे या अनुभवाशी सुसंगतच आहे.

महाराष्ट्रात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८० साली स्थापन झालेली जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजेच ‘वाल्मी’, ही या दिशेने पडलेली महत्त्वाची पायरी होय. अभियंता, कृषिशास्त्रज्ञ व समाजशास्त्रज्ञ यांना एका छताखाली आणून, कालवा बांधणे व कालवा चालविणे या भिन्न विद्या आहेत, हे तिने अधिकाऱ्यांच्या मनावर बिंबविले. २००५ च्या कायद्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला, त्याला पोषक असा विचार अशा संस्थांतूनच रुजला. त्याआधीच दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी पाणी मोजून घेऊन व वाटून दाखविले होते. हा या विचाराचा प्रत्यक्ष पुरावा मानावा लागेल.

तथापि या विचाराचे एकक लाभक्षेत्र हेच राहिले. पाणी कालव्याच्या मुखातून निघाले की हिशेब सुरू होतो आणि शेवटच्या चारीवरील शेतात पोचले की संपतो. मुखाच्या मागे जो फुगवटा असतो तो या हिशेबात केवळ साठा म्हणून येतो. पाणीवापर संस्थेच्या सभासद-यादीत कोळ्याचे नाव असत नाही, बदकाचे तर नाहीच. न्याय्य वाटपाचे हे शिक्षण अत्यंत मोलाचे खरे. परंतु ज्यांची नावे खातेउताऱ्यावर आहेत त्यांच्यापुरताच त्याचा न्याय मर्यादित आहे.

४

या मर्यादेचा कस लागतो तो नांदूर मधमेश्वर येथे. निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बंधारा बांधला गेला. दारणेचे व पुढे गंगापूरचे पाणी नदीतून येथवर यावयाचे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे वळावयाचे, अशी ही रचना. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ फुगवट्यात साचत गेला. उथळ पाणी, बेटे व दलदल तयार झाली आणि थापट्या, तलवार बदक, वारकरी, चक्रवाक यांचे थवे हिवाळ्यात तेथे उतरू लागले. १९८६ साली ते अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले.

आता या गाळाचा हिशेब कोणी कसा मांडावयाचा? अभियंत्याच्या वहीत तो घटलेली साठवणक्षमता म्हणून खर्चाच्या बाजूस पडतो. वनाधिकाऱ्याच्या वहीत तोच जमेची मुख्य बाब आहे. कारण गाळ नसता तर उथळ पाणी नसते आणि उथळ पाणी नसते तर पाणपक्ष्यांचा बहुतांश मेळा येथे उतरला नसता. काठच्या शेतकऱ्यास पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन दिसते. वरच्या अंगास असलेल्या चांदोरी-सायखेड्याच्या रहिवाशास मात्र हाच गाळ पुराच्या दिवसांत भयाचे कारण वाटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही गावे पाण्याखाली गेली होती. यांपैकी कोणताही हिशेब असत्य नाही. ‘गाळ काढावा’ आणि ‘गाळ राखावा’ या दोन्ही मागण्यांमागे खरी गरज उभी आहे आणि एका मागणीची बाजू घेऊन दुसरीस अज्ञान ठरविणारे शिक्षण हे शिक्षणच नव्हे.

पातळीच्या प्रश्नातही हेच दिसते. आवर्तन सुरू झाले की फुगवट्याची पातळी कालव्यांच्या गरजेप्रमाणे हलू लागते. पाणी उतरणे पक्ष्यांस नेहमीच घातक असते, ही समजूत चुकीची आहे. उघड्या पडलेल्या चिखलावर चिखलपक्ष्यांचे पोट भरते. घातक ठरते ते अकाली व एकाएकी उतरणे. पाण्याकाठी घरटी असताना पातळी झपाट्याने चढणे तितकेच घातक. म्हणजे प्रश्न पाण्याच्या परिमाणापेक्षा त्याच्या वेळेचा आहे. आणि वेळ साधण्यासाठी पाणीपाळीचे वेळापत्रक व पक्ष्यांचे वेळापत्रक एकाच मेजावर असावे लागते.

कायद्याची भाषाही येथे शिकणाऱ्यास कोड्यात टाकते. २०१७ चे पाणथळ (संवर्धन व व्यवस्थापन) नियम रामसरच्या धर्तीवर विस्तृत व्याख्या देतात, पण लगेच त्यातून नदीपात्रे, भातशेते आणि सिंचन वा पेयजल यांसाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळतात. दुसरीकडे, रामसर यादीतील स्थळांना हेच नियम लागू होतात. सिंचनासाठी बांधलेल्या बंधाऱ्याने निर्माण केलेले नांदूर मधमेश्वर अशा रीतीने यादीच्या बळावर संरक्षण पावते. परंतु त्याच प्रकारे निर्माण झालेल्या आणि यादीत नसलेल्या कित्येक फुगवट्यांची गणना व्याख्येनुसार पाणथळात होतच नाही. नियम पाठ करविणारा अभ्यासक्रम ही विसंगती ओलांडून जातो. वास्तविक तिच्यापासूनच अध्यापनास आरंभ व्हावयास हवा.

५

औपचारिक शिक्षणाचा असा दोष दाखविला की स्थानिक परंपरेकडे बोट दाखविले जाते. गोव्यातील खाजणे हे तिचे सर्वांत समर्थ उदाहरण. भरतीच्या पातळीखालील ही जमीन मातीच्या बांधांनी राखलेली. बांधात ‘मानस’ नावाची झडप. भरती आली की तिची लाकडी दारे पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. पावसाळ्यात क्षार धुऊन गेल्यावर खारेपणा सोसणारे कोरगुट भात आणि मानशीशी लावलेल्या जाळ्यात मासळी, असे दुहेरी उत्पन्न. शेतकऱ्यास खारे पाणी बाहेर हवे, मासळीच्या मक्तेदारास ते आत हवे; हा विरोध खाजणाच्या पोटातच होता आणि गावकरीच्या नियमांनी तो आवरून धरला होता. येथे अभियंता, कोळी व कुणबी यांचे हिशेब एकाच सभेत मांडले जात. पाणथळ-व्यवस्थापनाची ही एक परिपूर्ण शाळाच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु तिच्यापासून घ्यावयाचा धडा सहसा घेतात त्याहून वेगळा आहे. १९६१ नंतर, विशेषतः १९६४ च्या कूळकायद्यानंतर, बांधांची जबाबदारी गावकरीकडून कुळांच्या संघांकडे आली. कुळांना मिळालेला न्याय निःसंशय आवश्यक होता. मात्र मानशीच्या लिलावाचे मोल वाढले, भातशेतीचे घटले आणि अनेक ठिकाणी बांध फुटून शेते खाऱ्या पाण्याखाली गेली. बांध कसा राखावा हे ज्ञान लोकांच्या ठायी एकाएकी नाहीसे झाले नव्हते. ते अमलात आणण्याचा अधिकार दुबळा झाला होता. अधिकाराविना ज्ञान पाणी अडवू शकत नाही, हा तो धडा. आजच्या प्रशिक्षणवर्गांनाही तो लागू पडतो. वर्गाला बसणारा एक, दार उघडण्याचा आदेश देणारा दुसरा आणि शिकून तयार झालेल्याची बदली तिसरीकडे, अशी व्यवस्था असेल तर उत्तमोत्तम अभ्यासक्रमही निष्फळ होतो.

हिशेब एकत्र आले आणि त्यांना अधिकाराची जोड मिळाली, तर काय होऊ शकते हे ओडिशातील चिलिका सरोवराने दाखविले आहे. गाळाने समुद्राशी असलेला मार्ग अरुंद झाला, पाण्याचा खारेपणा घटला, मासळी रोडावली आणि १९९३ मध्ये चिलिका रामसरच्या संकटग्रस्त स्थळांच्या नोंदीत गेले. खडकवासल्याच्या त्याच संशोधन शाळेने व गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेल्या अभ्यासाच्या आधारे सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख उघडण्यात आले. २००२ मध्ये सरोवर त्या नोंदीतून बाहेर पडले. निचऱ्याच्या चिंतेतून जन्मलेल्या संस्थेने एक पाणथळ जगविण्यास हातभार लावला, ही गोष्ट लक्षणीय आहे. विद्या तीच होती. तिला विचारलेला प्रश्न बदलला होता आणि तो विचारणारे, सरोवराच्या सर्वांगीण हिताची जबाबदारी असलेले एक प्राधिकरण अस्तित्वात होते.

६

यावर एक आक्षेप संभवतो. एका माणसाने स्थापत्य, पक्षिशास्त्र, कृषी व कायदा या सर्वांत पारंगत व्हावे, ही अपेक्षा अव्यवहार्य नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण येथे अपेक्षा तशी नाही. वैद्याने औषधी वनस्पतीची शेती करावी लागत नाही, तिचे गुणदोष मात्र ओळखावे लागतात. शाखा अभियंत्याने पक्ष्यांच्या जाती सांगाव्यात याची निकड नाही. पक्षिगणनेचा तक्ता पातळीच्या नोंदीशी ताडून वाचता यावा, एवढे पुरे. वनाधिकाऱ्यासही आवर्तनाचे वेळापत्रक आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याची अडचण वाचता आली पाहिजे. आपल्या वहीशेजारी दुसऱ्याची वही उघडून बसण्याची सवय, हेच या शिक्षणाचे साध्य होय.

त्यासाठी व्याख्यानांची संख्या वाढविण्याचे कारण नाही. एकाच बंधाऱ्यावर पावसाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा एक हंगाम, निरनिराळ्या खात्यांतील प्रशिक्षणार्थींची एक तुकडी आणि पातळी, विसर्ग, गाळ, पिके, मासळी, पक्षी व पूर यांची एक समाईक नोंदवही, एवढी सामग्री पुरेशी आहे. परीक्षाही निबंधाची नसावी. येत्या पंधरवड्यात दार किती व केव्हा उघडावयाचे याचा आदेश त्या तुकडीने एकमताने लिहावा. त्याने कोणाचे किती नुकसान होईल हे त्याच कागदावर नमूद करावे. आणि तो कागद कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यापुढे व पुराच्या छायेतील गावापुढे वाचून दाखवावा. त्यांच्या प्रश्नांना जी तुकडी उत्तरे देऊ शकेल, ती रामसरच्या त्या लहानशा पोटकलमास अभिप्रेत असलेली जाणती माणसे होत.